शेतीच्या गटावर कसं विचारावं, कसं सांगावं

औसा तालुक्यात माझी कोरडवाहू शेती आहे, सोयाबीन आणि तूर. लातूर, धाराशिव आणि थोड्या बीडकडच्या शेतकऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटाची मी अ‍ॅडमिन आहे. नव्यानं येणाऱ्या माणसाला मी फोनवर जे सांगते, तेच इथं सविस्तर लिहिते आहे. तुमचा गट द्राक्षाचा असेल, रेशमाचा असेल, फेसबुकवर किंवा टेलिग्रामवर असेल, तरी यातलं बरंचसं तिथंही चालेल.

एक गोष्ट आधी मनात पक्की धरा. गटावर लिहिलेलं कुणाच्या तरी रानात उतरतं. तुम्ही औषधाचं नाव लिहिता आणि संध्याकाळच्या आत कुणीतरी तालुक्याच्या दुकानातून ते घेऊन येतं. ज्यानं विचारलं तो एकटाच ते वाचत नाही. कधीही एक शब्द न लिहिणारे शेकडो लोक वाचतात आणि त्याप्रमाणे करतात. आमच्या गटाचे सगळे नियम या एका गोष्टीतून आले आहेत.

आल्यावर

गटात घेतलं की लगेच लिहायला घेऊ नका. वर गटाच्या नावावर बोट दाबलं की वर्णन उघडतं, तिथं नियम लिहिलेले असतात. ते वाचा. थोडे दिवस नुसते मेसेज वाचत राहा, म्हणजे कुणाला तुरीतलं कळतं, कुणाची जमीन चुनखडीची आहे, कोण ठिबकवर सोयाबीन घेतं हे ध्यानात येतं. मग ओळख करून द्या. नाव, गाव, तालुका, जमीन कशी, पाणी आहे की कोरडवाहू, कोणती पिकं. ही ओळख पुढं फार उपयोगी पडते, कारण भूमच्या माळरानाचा सल्ला मांजरा काठच्या काळ्या रानाला तसाच्या तसा लागत नाही.

विचारण्याआधी शोधा

व्हॉट्सअ‍ॅपवर गटातले जुने मेसेज शोधता येतात. ‘पिवळं’, ‘चक्रीभुंगा’, ‘गोगलगाय’ असा एखादा शब्द टाकून बघा, मागच्या खरिपातली सगळी चर्चा समोर येते. तिथं उत्तर सापडलं तर उत्तमच. अर्धवट सापडलं तर प्रश्नात तसं लिहा: मागच्या वर्षीची चर्चा वाचली, पण माझ्याकडं अमुक वेगळं दिसतंय. असा प्रश्न आला की जाणती माणसं लगेच उत्तराला लागतात, कारण समोरच्यानं आपल्या परीनं कष्ट घेतलेले दिसतात.

इथं एक अडचण आहे. शोध फक्त अक्षरांवर चालतो, फोटोवर आणि आवाजावर चालत नाही. म्हणून नुसता फोटो टाकून गप्प बसू नका. फोटोखाली पिकाचं आणि लक्षणाचं नाव लिहा. आज तुमचं काम होईलच, आणि पुढच्या वर्षी शोधणाऱ्याचंही होईल.

प्रश्न कसा लिहायचा

दरवर्षी जुलै उजाडला की एक प्रश्न येतोच: ‘सोयाबीन पिवळं पडलंय, काय फवारू?’ यावर खरं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. सोयाबीन पिवळं पडायची कारणं वेगवेगळी आहेत. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोहाची कमतरता असते. चुनखडीच्या रानात आणि पाणी साचून वाफसा (मुळांना लागते तेवढीच ओल आणि हवा) नसला की ती दिसते. पानावर हिरवे-पिवळे चट्टे वेडेवाकडे पसरले असतील तर पिवळा मोझॅक. तो विषाणूचा रोग आहे आणि पांढरी माशी तो पसरवते. असं झाड उपटून नष्ट करावं लागतं, फवारून ते बरं होत नाही. खोडमाशी असेल तर खोड उभं चिरलं की आत लालसर नागमोडी भुयार दिसतं. तणनाशकाचा झटका बसला तरी पानं पिवळी पडतात. म्हणजे रंग एक आणि उपाय चार. चुकीचा निवडला तर औषधाचे पैसे गेले, मजुरी गेली, आणि खरा रोग आठवडाभर पुढं सरकला.

म्हणून प्रश्न असा लिहा:

‘गाव अमुक, तालुका निलंगा. सोयाबीन, वाण फुले संगम. पेरणी २० जून. जमीन मध्यम, खाली चुनखडी. चार दिवस सलग पाऊस झाला, आता दोन दिवस उघडीप आहे. शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या. एका कोपऱ्यात जास्त, तिथं पाणी थांबतं. पेरणीनंतर तणनाशक मारलं होतं, बाकी काही फवारलं नाही. खोड चिरून बघितलं, आत अळी नाही. फोटो खाली दिले आहेत.’

हे लिहायला पाच मिनिटं लागतात. वाचणाऱ्याला मात्र सारं रान दिसतं. निम्मं उत्तर अशा प्रश्नातच असतं. पुष्कळदा लिहितालिहिता विचारणाऱ्यालाच कळून येतं की पाणी साचतंय तिथंच पिवळं आहे.

फोटो कोणते टाकायचे? एक लांबून, सगळा पट्टा दिसेल असा. एक अख्ख्या झाडाचा. एक पानाचा, आणि पान उलटं करून आणखी एक, कारण किडी पानाखाली बसतात. खोडाचा संशय असेल तर चिरलेल्या खोडाचा. भर उन्हात पान चमकतं आणि फोटोत पांढरं दिसतं, म्हणून अंगाची सावली करून काढा. एकाच पानाचे दहा फोटो टाकू नका. ज्यांचा नेटपॅक संपत आलेला असतो त्यांच्या मोबाईलवर ते उघडतसुद्धा नाहीत.

एकच प्रश्न एकाच वेळी चार गटांवर टाकायची सवय आपल्याकडं फार आहे. काळजीपोटी माणूस टाकतो हे मला कळतं. पण चार ठिकाणी चार माणसं आपापली कामं सोडून उत्तरं लिहितात आणि एकाचं दुसऱ्याला कळत नाही. आधी एका ठिकाणी विचारा, दिवसभर वाट बघा. नाही उत्तर आलं तर दुसरीकडं विचारा आणि आधी कुठं विचारलं तेही सांगा. दर तासाला ‘कुणीतरी सांगा’ असं लिहीत बसू नका. पेरणीच्या आणि काढणीच्या दिवसांत माणसं रानात असतात, रात्री जेवणं झाल्यावरच मोबाईल हातात घेतात.

ज्यांना लिहिता येत नाही किंवा टाइप करायचा कंटाळा येतो त्यांनी आवाजात विचारावं, काही हरकत नाही. आमच्या गटात वयानं मोठी मंडळी आवाजातच बोलतात आणि त्यांच्याकडं असलेली माहिती कुठल्या पुस्तकात मिळत नाही. फक्त सुरुवातीलाच गाव आणि पीक सांगा आणि एका मिनिटाच्या आत आटपा. पोरा-सोरांनी त्याखाली दोन ओळींत सारांश लिहावा. आमच्याकडं हे काम करणारी दोन-तीन कॉलेजची मुलं आहेत. त्यांच्यामुळं म्हाताऱ्या माणसांचं शहाणपण शोधात सापडायला लागलं.

उत्तर देताना

ज्या मेसेजला उत्तर द्यायचं तो बोटानं उजवीकडं सरकवा म्हणजे तुमचं उत्तर त्याला जोडून जातं. नाहीतर तुरीच्या प्रश्नाखाली कापसाचं उत्तर दिसतं, आणि घाईत वाचणारा तेच तुरीवर मारतो.

स्वतः करून पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं सांगा. ‘माझ्या रानात मागच्या वर्षी केलं, फरक पडला’ याला एक वजन आहे. ‘दुकानदार म्हणाला’ याला वेगळं. ‘परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे’ याला आणखी वेगळं, पण मग ती शिफारस कुठल्या वर्षाची तेही लिहा. माहीत नसेल तर गप्प राहणं हेही चांगलं वागणं आहे. दहा अंदाजांपेक्षा एक जाणतं उत्तर उशिरा आलेलं बरं.

औषधाच्या मात्रेबद्दल मी फार कडक आहे आणि राहणार. ‘पंपाला एक झाकण’ असं गटावर लिहायचं नाही. कुणाचा पंप १५ लिटरचा, कुणाचा २० चा, आणि झाकणं कंपनीगणिक वेगळी. विद्यापीठाच्या सल्ल्यात मात्रा १० लिटर पाण्याला दिलेली असते आणि पॉवर पंपासाठी ती तिप्पट घ्यावी असं बहुतेक वेळा खाली लिहिलेलं असतं, कारण पॉवर पंपाला एकरी पाणी कमी लागतं. ही खालची ओळ कापून कुणी मेसेज पुढं ढकलला की गोंधळ होतो: एकाचं औषध पातळ पडतं, दुसऱ्याचं पीक करपतं. म्हणून औषधाच्या ब्रँडबरोबर आतल्या घटकाचं नाव, टक्केवारी, १० लिटरला मिलि किंवा ग्रॅम आणि पंप कोणता, हे सगळं एकत्र लिहा. दोन-तीन औषधं एकत्र मिसळायचा घरगुती फॉर्म्युला कुणी टाकला तर मी तो काढून टाकते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. आपण लिहितो ते औषध मारणारा बहुतेकदा कुणाचा तरी सालगडी किंवा रोजंदारीवरचा मजूर असतो, तो गटात नसतोच. त्याच्या वतीनं कुणीतरी कडक राहायला हवं.

चूक दुरुस्त करायची असेल तर उघड करा. पाठवल्यापासून १५ मिनिटांत मेसेज सुधारता येतो. त्यानंतर चूक लक्षात आली तर खाली नवा मेसेज टाका: वर लिहिलेली मात्रा चुकली, बरोबर अशी आहे. गुपचूप पुसून टाकलं तर ज्यांनी आधीच वाचलं ते तसंच धरून चालतात.

आणि दुसऱ्याचं चुकलं असेल तर? आमच्याकडं वयाला मान आहे आणि तो राहायला पाहिजे. ‘मामा, तुम्ही सांगितलेलं आमच्या हलक्या रानात जमलं नाही, इथं अमुक लागतं’ असं म्हटलं की मामा दुखावत नाहीत आणि वाचणाऱ्याला खरं कळतं. ‘तुम्हाला काही कळत नाही’ म्हटलं की मामा गट सोडतात, आणि त्यांच्याबरोबर चाळीस खरिपांचा अनुभव जातो.

भावाचे मेसेज

‘आज सोयाबीन साडेचार’ एवढ्यानं काहीच कळत नाही. बाजार कुठला, तारीख कोणती, तो सर्वात जास्त दर की सर्वसाधारण, मालात ओलावा किती, हे लिहा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट १२ टक्क्यांची असते. ओल्या मालाचा दर बघून कोरडा माल घरात ठेवणारा घाबरून विकतो, असं होता कामा नये.

पुढं ढकलण्याआधी

फॉरवर्डच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथं नुसता वेळ जात नाही, माणसं बुडतात. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी समजून जमावानं भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. मोबाईलवरून पसरलेली अफवा त्यामागं होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं आपल्या देशात एक मेसेज एकावेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. बऱ्याच वेळा फिरलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण येते. ती दिसली की हात थांबवायचा.

आमच्या भागात भूकंपाचा मेसेज हा सगळ्यात वाईट. किल्लारी माझ्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काय झालं ते ज्यांनी बघितलं ती माणसं अजून आमच्यात आहेत. हिंगोली भागात २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये धक्के बसले, तशा वेळी ‘आज रात्री इतक्या वाजता मोठा धक्का बसणार’ असे मेसेज फिरतात आणि म्हाताऱ्या बायका पावसातही घरात झोपायला तयार होत नाहीत. भूकंपाचा दिवस आणि वेळ जगात कुणालाही आधी सांगता येत नाही. ज्या मेसेजात वेळ दिलेली आहे तो खोटा, इतकं सरळ आहे. तसंच पुराचं. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडं अतिवृष्टीनं जे झालं तेव्हाचे व्हिडिओ पुढं कुठल्याही पावसात ‘आत्ताचा’ म्हणून परत येऊ शकतात. व्हिडिओ टाकायचा तर कुठला आणि कधीचा हे लिहा. स्वतः काढलेला असेल तरच ‘आत्ताचा’ म्हणा.

योजनांचे जुने मेसेज हीसुद्धा मोठी डोकेदुखी. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा होता, २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला आणि शेतकऱ्याला आपला हिस्सा पुन्हा भरावा लागला. एक रुपयाचा जुना मेसेज वाचून कुणी निवांत राहिला तर त्याचा विमा राहून जाणार. म्हणून सरकारी मेसेज टाकताना तारीख न कापता टाका, आणि जमलं तर कृषी सहाय्यकाला किंवा सेवा केंद्रावर विचारून मगच टाका.

एपीके फाइल, म्हणजे मोबाईलवर थेट अ‍ॅप बसवणारी फाइल, मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडायची नाही, पुढं पाठवायची नाही. ‘पीएम किसान यादी’, ‘नुकसानभरपाई’, ‘लग्नपत्रिका’, नाव काहीही असो. ती मोबाईलवर बसवली की मोबाईल दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि बँकेतले पैसे जातात. आपल्यातल्याच एखाद्याच्या नंबरवरून अशी फाइल आली तर त्याला गटावर झापू नका, त्याचा मोबाईल आधीच गेलेला असतो. त्याला साधा फोन लावा, अ‍ॅडमिनला सांगा म्हणजे अ‍ॅडमिन ती सगळ्यांच्या मोबाईलवरून काढू शकते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करायला सांगा.

कागदपत्रं आणि नंबर

‘माझं अनुदान का आलं नाही?’ असं विचारताना आधार कार्ड, बँकेचं पासबुक यांचे फोटो गटावर टाकतात. टाकू नका. कागद दाखवायचाच असेल तर ओळखीच्या एकाला दाखवा, तोही आधारचे पहिले आठ आकडे झाकून. दुसऱ्याच्या शेताचा, भावकीच्या वादाचा, कुणाच्या कर्जाच्या नोटिशीचा फोटो त्याला न विचारता टाकला तर मी तो काढते आणि टाकणाऱ्याला फोन करते.

आता बायकांबद्दल. गटात ताई-मावश्या आहेत, स्वतः शेती करणाऱ्या. पुष्कळ जणी नुसतं वाचतात, लिहीत नाहीत. कारण विचारलं तर सांगतात, एक प्रश्न टाकला की रात्री अनोळखी नंबरवरून ‘जेवलात का’ सुरू होतं. गटात नंबर दिसतो म्हणजे तो तुम्हाला दिलेला नसतो. काही खासगी बोलायचं असेल तर आधी गटावरच विचारा: ताई, या विषयावर फोन केला तर चालेल का? नाही म्हटलं किंवा उत्तर आलं नाही की विषय संपला. या एका बाबतीत आमच्याकडं दुसरी संधी नाही, लगेच बाहेर. हा नियम केल्यापासून तुरीच्या शेंडे खुडणीवर सगळ्यात चांगली माहिती बायकांकडून यायला लागली, कारण ते काम हातानं करतात त्याच.

वाद, जात, पक्ष

मराठवाड्यात २०२३ पासून आरक्षणाच्या प्रश्नावर वातावरण किती तापलं ते कुणाला सांगायला नको. वर्गमित्रांचे, गावांचे, नोकरदारांचे गट त्या दिवसांत फुटले. आमच्याकडं त्या विषयावर कोणत्याही बाजूची एक ओळही चालत नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक, नेत्यांचे वाढदिवस, देवाधर्मावरचे टोमणे, हेही नाही. प्रत्येकाला आपलं मत असतं आणि ते मांडायला दुसऱ्या जागा आहेत. २०२२ मध्ये लातूर, धाराशिव, बीडमध्ये शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं, तेव्हा कुणाच्या बांधावर त्या दिसल्या हे रोज संध्याकाळी लिहिणं, ओली गोणपाटं टाकून सकाळी गोळा करणं, हे शेजाऱ्यांनी मिळूनच करावं लागत होतं. काल ज्याला तुम्ही जातीवरून बोललात तो त्याच्या बांधाचं तुम्हाला सांगेल का?

कुणी मुद्दाम डिवचत असेल तर उत्तर देऊ नका. अ‍ॅडमिनला खासगीत कळवा. वाद वाढला की मी ‘फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात’ हे सेटिंग लावते आणि दुसऱ्या दिवशी उघडते. अ‍ॅडमिनच्या जबाबदारीबद्दल लोक विचारतात म्हणून सांगते: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्यानं टाकलेल्या मजकुराला अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. म्हणजे जे लिहाल त्याचे जबाबदार तुम्हीच.

सुप्रभात आणि शुभेच्छा नकोत. जाहिरात करायची तर रविवारी, एकदा, दर लिहून. कुणाच्या घरी दुःख झालं तर एकानं बातमी द्यावी आणि बाकीच्यांनी त्याच मेसेजवर हात जोडल्याची खूण ठेवावी. शंभर वेळा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आली की त्या दिवशी विचारलेला गाभण म्हशीचा तातडीचा प्रश्न वर जाऊन हरवतो. त्या घरी फोन करा, जवळ असाल तर जाऊन या.

पुढं काय झालं ते कळवा

हे सगळ्यात कमी लोक करतात. सल्ला घेतला, फवारलं, पीक सुधारलं आणि माणूस गप्प. आठ-दहा दिवसांनी आपल्याच जुन्या प्रश्नाला जोडून चार ओळी लिहा: कोणाचा सल्ला ऐकला, काय आणि किती वापरलं, फवारल्यावर पाऊस कधी आला, फरक किती पडला. नवे फोटो त्याच जागेवरून काढा. फरक पडला नसेल तर ते आवर्जून लिहा, त्यात सल्ला देणाऱ्याचा अपमान नाही. ज्यांनी उत्तर दिलं त्यांचं नाव घेऊन आभार माना. आणि पुढच्या जुलैत कुणी पुन्हा ‘सोयाबीन पिवळं पडलंय’ असं लिहिलं की त्याला तुमचा तो मेसेज शोधून जोडून द्या.